कॅसच्या फाईलमध्ये न मावणारे भौतिकशास्त्र

जानेवारी 2003 मध्ये अर्काइव्ह या ऑनलाइन निबंधभांडारात एक शोधनिबंध आला. लेखक चौघे : शमित कचरू, रेनाटा कॅलोश, आंद्रे लिंडे आणि संदीप त्रिवेदी. पहिले तिघे स्टॅनफर्डचे, त्रिवेदी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर). स्ट्रिंग सिद्धान्तातून धन ऊर्जेची, म्हणजे आपल्या प्रसरण पावणाऱ्या विश्वाशी जुळू शकेल अशी निर्वात अवस्था कशी बांधता येईल, याची कृती त्यात दिली होती. निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये छापला गेला आणि लेखकांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘केकेएलटी’ हेच नाव पडले. त्या कृतीतल्या पायऱ्या टिकतात की नाही यावर आजही वाद झडतात. पण या क्षेत्रात सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांत तो आहे, आणि आकडा हजारांत आहे.

आता हाच निबंध विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत (प्राध्यापकांची ‘कॅस’ म्हणजे पदोन्नती योजनाही तिच्यातच) घालून पाहू. टीआयएफआरमधल्या नेमणुका या कोष्टकाने होत नाहीत. पण तेच काम पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाने केले असते, तर हिशेब असा लागला असता. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या निबंधांना सरासरी मिळणारे संदर्भ) 2 ते 5 या गटात धरला तर निबंधाला 20 गुण. लेखक दोघांपेक्षा जास्त, म्हणून पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला त्याचे 70 टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला 30 टक्के. नाव चौथे, म्हणजे 6 गुण. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला किमान 75 संशोधनगुण लागतात. केवळ अशाच निबंधांवर ते जमवायचे तर तेरा हवेत. केकेएलटीच्या तोडीचे तेरा निबंध नावावर असलेली माणसे जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि ती सहयोगी प्राध्यापकपदाला अर्ज करत नसतात. सहायक प्राध्यापकाच्या प्राथमिक निवडीचे कोष्टक आणखी सरळ आहे : प्रत्येक निबंधाला 2 गुण, कमाल 10. पाच निबंध झाले की पाटी भरली. त्या पाचांत काय लिहिले आहे, हे विचारणारा रकानाच नाही.

त्रिवेदींचे नाव चौथे का, तर आडनाव ‘टी’ने सुरू होते म्हणून. सैद्धांतिक कणभौतिकीत लेखकांची नावे आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने लावतात. पहिला लेखक म्हणजे मुख्य काम करणारा आणि शेवटचा म्हणजे प्रयोगशाळेचा प्रमुख, हा जीवशास्त्राचा किंवा रसायनशास्त्राचा रिवाज इथे चालत नाही. पत्रव्यवहार करणारा लेखक म्हणजे नियतकालिकाच्या संकेतस्थळावर फाइल चढवणारा, एवढाच अर्थ. 70-30 ची वाटणी या क्षेत्राला लावली की आपटे आणि अभ्यंकर यांना जन्मजात फायदा आणि वाघमारे, यादव यांना जन्मभर तोटा. ती चुकवायला लोक वाटाही काढतात : परदेशी सहलेखकाला ‘यावेळी नावांचा क्रम बदलू या’ अशी विनंती करणे, नाहीतर चौघांचे काम दोघा-दोघांच्या दोन निबंधांत मोडणे. दोघे लेखक असले की नियमानुसार प्रत्येकाला 70 टक्के मिळतात. एक चांगला निबंध फोडून दोन मध्यम करण्याला नियमानेच बक्षीस ठेवले आहे.

दरवर्षी वर्तमानपत्रांत आणि महाविद्यालयांच्या फाटकांवरच्या फ्लेक्सवर झळकणारी ‘जगातील सर्वोत्तम दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादीही याच खड्ड्यात पडते. स्टॅनफर्डचे जॉन आयोआनिडीस आणि सहकारी ती स्कोपस या संदर्भसूचीच्या माहितीवरून काढतात. तिचा एकत्रित गुण सहा घटकांचा : एकूण सायटेशन (इतरांनी दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स (याची व्याख्या पुढे), सहलेखकांच्या संख्येने सुधारलेला एच-इंडेक्स, आणि मग एकट्याने लिहिलेल्या, एकट्याने किंवा पहिल्या नावाने लिहिलेल्या, आणि एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या नावाने लिहिलेल्या निबंधांची सायटेशन. शेवटचे तीन घटक नावाच्या जागेवर बेतलेले. गंमत अशी, की या हिशेबात केकेएलटीचे श्रेय पहिले म्हणून कचरूंना आणि शेवटचे म्हणून त्रिवेदींना पुरेपूर मिळते, आणि मधल्या कॅलोश व लिंडे यांना त्या तीन घटकांत शून्य. आयोगाच्या कोष्टकात जे आडनाव मार खाते तेच इथे तरून जाते. भौतिकशास्त्राशी दोन्हींचा संबंध सारखाच, म्हणजे नाही.

तरीही ‘आकडे फेकून द्या’ असे म्हणणे सोपे आणि चुकीचे आहे. कणभौतिकीइतकी नेटकी संदर्भनोंद फार कमी शास्त्रांकडे आहे. स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेत 1974 पासून स्पायर्स ही सूची चालू होती. अमेरिकेतले पहिले संकेतस्थळ डिसेंबर 1991 मध्ये उघडले ते याच सूचीसाठी. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी आज अर्काइव्ह म्हणून ओळखले जाणारे भांडार सुरू केले होते. स्पायर्सची जागा पुढे इन्स्पायरने घेतली. ही सूची अर्काइव्हवरच्या अप्रकाशित हस्तलिखितांतले संदर्भही मोजते. वेब ऑफ सायन्स प्रामुख्याने छापील नियतकालिकांतले मोजते. म्हणून एकाच माणसाचा एच-इंडेक्स इन्स्पायरवर एक, स्कोपसवर दुसरा आणि गूगल स्कॉलरवर तिसरा निघतो. अर्जाचा नमुना फक्त स्कोपसचा आकडा मागतो तेव्हा या क्षेत्रातल्या उमेदवाराचा चांगला भाग बाहेरच राहतो. अतीश दाभोलकर, समीर मूर्ती आणि गणितज्ञ डॉन झागिए यांचा कृष्णविवरे आणि मॉक मॉड्युलर फॉर्म्स यांवरचा 2012 चा शंभराहून अधिक पानांचा निबंध घ्या. रामानुजनच्या शेवटच्या पत्रातल्या फलनांचा कृष्णविवराच्या क्वांटम अवस्था मोजण्याशी संबंध जोडणारे हे काम वर्षानुवर्षे अर्काइव्हच्या क्रमांकानेच उद्धृत होत राहिले. इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात त्यापुढे काय भरणार?

प्रश्न आकड्याच्या अस्तित्वाचा नाही, तो कशाचे माप आहे याचा आहे. आमचे म्हणणे असे : सैद्धांतिक कणभौतिकीत सायटेशन मुख्यतः हे सांगते, की त्या वेळी त्या विषयावर किती माणसे काम करत होती आणि त्यांना या निबंधाचे नाव घ्यावे लागले की नाही. सिद्धान्त बरोबर आहे का, खोल आहे का, हे ते सांगत नाही. इतर शास्त्रांत प्रयोग लवकर निकाल देतो. इथे प्रयोगाला वीस-तीस वर्षे लागतात, आणि त्या मधल्या काळात सायटेशनच पुराव्याच्या खुर्चीत जाऊन बसते.

15 डिसेंबर 2015 ला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत अॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगगटांनी दाखवले, की दोन फोटॉनांच्या जोड्यांत 750 जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजण्याचे एकक) वस्तुमानाजवळ अपेक्षेपेक्षा जास्त घटना दिसत आहेत. अॅटलासची स्थानिक विचलनमात्रा, म्हणजे निव्वळ योगायोगाने असे दिसणे किती अवघड याचे माप, 3.9 सिग्मा होती. पण इतक्या सगळ्या वस्तुमानांत कुठेतरी असा उंचवटा दिसण्याची शक्यता धरली की ती 2 सिग्माच्या आसपास उतरत होती. सीएमएसची त्याहून कमी. म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने थांबून पाहण्यासारखी गोष्ट. प्रत्यक्षात पहिले सैद्धांतिक निबंध त्याच रात्री अर्काइव्हवर चढले, आणि ऑगस्ट 2016 मध्ये शिकागोच्या परिषदेत नव्या विदेने तो उंचवटा पुसून टाकला तोवर सुमारे पाचशे निबंध झाले होते. यंत्रणा कशी चालते ते पाहा. विसावा निबंध आधीचे एकोणीस उद्धृत करतो, दोनशेवा आधीचे एकशे नव्व्याण्णव, कारण कुणाला वगळले तर दुसऱ्या दिवशी मेल येतो : आमच्या याच विषयावरच्या कामाकडे कदाचित आपले लक्ष गेले नसावे. मग अर्काइव्हवर दुसरी आवृत्ती चढते आणि टिप्पणीत लिहिलेले असते, ‘संदर्भ वाढवले’. संदर्भयादी निबंधापेक्षा लांब होते. पहिल्या दिवशी पोहोचलेल्या काही निबंधांना अशा रीतीने शेकड्यांनी सायटेशन मिळाली, तीही अस्तित्वातच नसलेल्या कणासाठी. ती आजही त्यांच्या लेखकांच्या एच-इंडेक्समध्ये जशीच्या तशी आहेत. कण गेला म्हणून आकडा वजा होत नाही.

त्या पाचशेंत काम करणाऱ्यांना मूर्ख म्हणायचे कारण नाही. दोन फोटॉनांत विघटन होणाऱ्या कणाचे गणित त्यातून बरेच पक्के झाले. पण दोन वर्षांच्या पोस्टडॉकवर असलेल्या मुलीने त्या डिसेंबरात काय करावे? तिचा पुढच्या वर्षीचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणार. दोन वर्षांचे अवघड गणित चालू ठेवले तर त्या अर्जात दाखवायला काही नाही. आठ दिवसांत 750 वर निबंध टाकला तर वर्षभरात पन्नास सायटेशन. असा धंदा ‘अॅम्ब्युलन्सच्या मागे धावणे’ म्हणून ओळखला जातो, पण धावणाऱ्यापेक्षा शर्यत लावणाऱ्याकडे बोट दाखवायला हवे.

वेळेचा खेळ याहून बारीकही आहे. अर्काइव्हचा दिवस न्यूयॉर्कच्या घड्याळाने दुपारी दोनला संपतो. त्या क्षणानंतर जो निबंध सर्वात आधी चढेल तो पुढच्या यादीत साधारणपणे सर्वात वर दिसतो. भारतात ती वेळ उन्हाळ्यात रात्री साडेअकराची आणि हिवाळ्यात साडेबाराची. गिन्सपार्ग आणि सहकाऱ्याने जुन्या याद्या तपासून पाहिले, तेव्हा हेप-टीएच (शुद्ध सिद्धान्त) विभागात पहिल्या क्रमांकावर आलेल्या निबंधांची मध्यक सायटेशनसंख्या पाचव्या ते पंधराव्या क्रमांकाच्या निबंधांपेक्षा सुमारे 50 टक्के जास्त निघाली, आणि हेप-पीएच (प्रयोगाशी जोडलेला सिद्धान्त) विभागात दुप्पट. काही लेखक आपला चांगला निबंधच मुद्दाम त्या वेळी चढवतात हे खरे, पण नुसते वर दिसल्याचा फायदाही त्यात सापडला. ज्या मोजमापावर बटण दाबण्याच्या मिनिटाचा असर पडतो त्यावर पदोन्नतीचा दशांशचिन्हापर्यंतचा हिशेब मांडणे हा विनोदच.

उलट बाजूची उदाहरणे सगळ्यांना माहीत आहेत, पण निवड समितीच्या टेबलावर ती कुणी मांडत नाही. स्टीव्हन वाइनबर्ग यांचा विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बलांना एकत्र आणणारा तीन पानांचा निबंध नोव्हेंबर 1967 चा. पुढची तीन-चार वर्षे त्याकडे जवळपास कुणी वळून पाहिले नाही. 1971 मध्ये गेरार्ड ट होफ्ट यांनी दाखवले, की असे सिद्धान्त अनंत उत्तरे न देता गणिताला उतरतात, आणि मग सायटेशनचा बांध फुटला. 1973 मध्ये सर्नच्या गार्गामेल प्रयोगात या सिद्धान्ताने सांगितलेले तटस्थ प्रवाह दिसले. 1979 मध्ये नोबेल. समजा 1970 च्या अखेरीस त्रैवार्षिक मूल्यमापन झाले असते. कणभौतिकीचा पाया घालणाऱ्या निबंधापुढे समितीने काय लिहिले असते ते सांगायला नको. माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा यांचे 1973 चे काम तर क्योटोहून निघणाऱ्या ‘प्रोग्रेस ऑफ थिओरेटिकल फिजिक्स’मध्ये आले. तेव्हा तीनच क्वार्क (प्रोटॉनसारख्या कणांचे घटक) हाती लागले होते, आणि हे दोघे सहा असायला हवेत म्हणत होते. सुरुवातीला दुर्लक्षच झाले. आज तो या क्षेत्रातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांपैकी एक आहे, 2008 च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यालाच, आणि आपल्या कोष्टकात नियतकालिकाच्या गटामुळे तो पाश्चात्त्य नियतकालिकातल्या एखाद्या सुमार निबंधाच्या खाली बसला असता. ज्यांच्या नावाने हिग्ज कण ओळखला जातो त्या पीटर हिग्ज यांनी 1964 नंतर दहाही निबंध प्रसिद्ध केले नाहीत. नोबेल मिळाले त्या वर्षी त्यांनीच सांगितले, की आजच्या व्यवस्थेत आपल्याला नोकरी मिळाली नसती. पुरेसे उत्पादक मानलेच गेले नसते.

यावर नेहमीचे उत्तर असते, की अपवादावर नियम ठरत नाहीत. मान्य. अशोक सेन यांचा एस-द्वैताचा (तीव्र आणि क्षीण परस्परक्रियेची वर्णने मुळात एकच, या कल्पनेचा) पुरावा देणारा 1994 चा एकट्याचा निबंध टीआयएफआरमधून आला आणि लोकांनी त्याचे मोल लगेच ओळखले. 2012 मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचा मूलभूत भौतिकशास्त्र पुरस्कार मिळाला. आकडा आणि गुणवत्ता एका दिशेने जातात अशी उदाहरणे भरपूर आहेत. पण ती जातात तेव्हा आकड्याची गरज नसते, कारण जाणकार आधीच बोलत असतात. गरज भासते ती मधल्या मोठ्या पट्ट्यात, आणि नेमका तिथेच आकडा सर्वात गोंधळलेला असतो.

त्या पट्ट्यात काय काय मिसळते? अॅटलास-सीएमएसच्या 2015 च्या हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या संयुक्त निबंधाला 5154 लेखक होते. 33 पानांपैकी 24 पाने नावे आणि संस्थांची. प्रयोगगटातल्या संशोधकाच्या नावावर असे शेकडो निबंध असतात. त्याचा आणि एकट्या-दुकट्याने लिहिणाऱ्या सैद्धांतिकाचा एच-इंडेक्स एकाच रकान्यात लिहिणे म्हणजे क्विंटल आणि किलोमीटरची बेरीज. सैद्धांतिकांतही सगळे सारखे नाहीत. पिथिया किंवा मॅडग्राफसारखी संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांना सायटेशन हजारांनी मिळतात, कारण ती वापरल्याशिवाय लार्ज हॅड्रॉन कोलायडरचे विश्लेषणच होत नाही. ती रास्तच आहेत, फक्त वेगळ्या जातीची आहेत. हिग्जचे काटछेद, म्हणजे टकरीत तो तयार होण्याच्या शक्यतेची मापे, देणारे सर्नचे ‘यलो रिपोर्ट’ हेही तसेच. अनेक लेखकांच्या अशा अहवालात एखादे प्रकरण लिहिले, की पूर्ण अहवालाची सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात जमा. लांबलचक आढावालेख मूळ शोधांपेक्षा जास्त उद्धृत होतात. आणि 1998-99 मधले जास्तीच्या मितींचे सिद्धान्त घ्या : कोलायडरवर त्यांचा मागमूस लागलेला नाही, पण ‘सापडले नाही’ म्हणणारा प्रत्येक प्रायोगिक निबंध त्यांना उद्धृत करतोच. नकारही जमेच्या बाजूला पडतो.

उलट जे काम यंत्राच्या आराखड्यात मुरते त्याचा माग पुसट होतो. पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले आणि मानुएल ड्रीस यांचे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचे गणित याचे चांगले उदाहरण. गोडबोले त्या काळी मुंबई विद्यापीठात होत्या. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनचे अतिशय दाट झोत समोरासमोर आणले, की एका झोताच्या विद्युतक्षेत्रात दुसऱ्यातले कण वळतात आणि फोटॉन फेकतात. फोटॉन साधा दिसतो, पण उच्च ऊर्जेला तो क्वार्क आणि ग्लुऑनांचा पुंजका असल्यासारखा वागतो. असे दोन फोटॉन भिडले की हॅड्रॉनांचा (क्वार्कांपासून बनलेल्या कणांचा) सडा पडतो, आणि ज्या स्वच्छतेसाठी इलेक्ट्रॉनचे यंत्र बांधायचे तीच जाते. हा सडा किती पडेल हे झोताच्या आकारावर अवलंबून असते, हे या दोघांनी आकड्यांत दाखवले. म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका सूक्ष्म मुद्द्याने यंत्राच्या रचनेला अट घातली. आजही सर्नच्या प्रस्तावित क्लिक यंत्राच्या 3 टीईव्हीच्या आराखड्यात झोतांच्या दर छेदाला अशा सुमारे तीन घटना धरूनच शोधकाची (डिटेक्टरची) आखणी करतात. ती घटना एकदा सिम्युलेशनच्या फाइलमध्ये गेली, की वापरणारा फाइलचा संदर्भ देतो, मुळाचा देतोच असे नाही. कामाचा उपयोग जितका पक्का तितका त्याचा उल्लेख विरळ, ही सैद्धांतिकाच्या वाट्याला येणारी उलटी गती आहे. डिरॅकचे समीकरण वापरताना 1928 चा निबंध आज कोण उद्धृत करतो?

एच-इंडेक्सबद्दल थोडक्यात. होर्हे हिर्श यांनी तो 2005 मध्ये मांडला : ज्याच्या किमान एच निबंधांना प्रत्येकी किमान एच सायटेशन आहेत त्याचा निर्देशांक एच. त्या पहिल्या निबंधात स्ट्रिंग सिद्धान्तातले एडवर्ड विटन यांचा 110 दिला होता, आणि अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात कायम पदासाठी 12 च्या आसपास असे सुचवले होते. पुढे गणितज्ञ अलेक्झांडर याँग यांनी दाखवले, की बहुतेकांचा एच हा एकूण सायटेशनच्या वर्गमुळाच्या 0.54 पटीच्या जवळपास येतो. दहा हजार सायटेशन असतील तर साधारण 54. म्हणजे एकूण आकडा माहीत असताना एच विचारणे हे बहुतेक वेळा तीच गोष्ट पुन्हा विचारणे आहे. हिर्श यांनीही नंतर आपल्या निर्देशांकाचे अनिष्ट परिणाम उघड मान्य केले. आपल्याकडच्या अर्जांत मात्र एच, आय-टेन (किमान दहा सायटेशन असलेल्या निबंधांची संख्या) आणि एकूण सायटेशन असे तीन रकाने अजून असतात आणि तिघांचे गुण वेगळे धरण्याकडे कल असतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत काम करणाऱ्या कुणालाही कळेल. ‘आकडे काढा आणि समितीच्या विवेकावर सोडा’ म्हणजे वशिल्याला दार सताड उघडे. ज्याचा गॉडफादर नाही त्याला किमान गुणपत्रिकेचा आधार असतो. हे दुखणे खरे आहे. पण 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी हे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचे एवढेच ठरवतात. अंतिम निवड मुलाखतीवरच होते. आकड्यांची ढाल दारापर्यंतच. आत गेल्यावर ती उमेदवाराच्या हातातून काढून घेतलेली असते. वशिला तिथेच चालतो, आणि त्याला रोखण्याचा उपाय म्हणजे समितीने निबंधांबद्दल लेखी, नावानिशी मत नोंदवणे. ‘आउटस्टँडिंग’ एवढाच शेरा लिहिणाऱ्याला काही सिद्ध करावे लागत नाही. ‘तिसऱ्या विभागातले दोन वलयांचे गणित नवे आहे, त्याचा वापर पुढे अमुक ठिकाणी झाला’ असे लिहिणाऱ्याला निबंध उघडावा लागतो, आणि माहितीच्या अधिकारात तो शेरा बाहेर आला तर उत्तर द्यावे लागते. जानेवारी 2025 मध्ये आयोगाने जाहीर केलेल्या मसुद्यात गुणांचे कोष्टक काढून ‘उल्लेखनीय योगदान’ पाहण्याची भाषा होती. दिशा बरी आहे. पण ते योगदान कुणी, कसे तपासायचे हे बांधून दिले नाही, तर आक्षेप घेणारे बरोबर ठरतील.

हे तपासणे दिसते तितके अवघड नाही. एका उमेदवारामागे अर्धा दिवस पुरतो. इन्स्पायरवर त्याचे पान उघडायचे आणि आधी माणूस तोच आहे याची खात्री करायची. एस. पाटील, ए. जोशी, एस. कुलकर्णी अशा नावांखाली चार-पाच जणांचे निबंध एकत्र झालेले असतात, म्हणून ऑर्किड (संशोधकाचा ओळखक्रमांक) जुळवायचा. मग लेखकसंख्या दहापर्यंत मर्यादित करायची. शोधचौकटीत तशी अट घालता येते. इथेच यलो रिपोर्ट आणि प्रयोगगटांचे निबंध गळतात. स्वतःचेच संदर्भ वगळण्याची खूण करायची. उरलेल्यांतले पहिले पाच घेऊन प्रत्येकाचा वर्षवार आलेख पाहायचा : दोन वर्षांत उंच जाऊन कोसळलेला आलेख बहुधा लाटेचा असतो, आठ-दहा वर्षे दरसाल पाच-सहा सायटेशन घेत राहिलेला निबंध कुणीतरी खरोखर वापरत असते. नंतरची पायरी सर्वात महत्त्वाची आणि सर्वात जास्त टाळली जाणारी : उद्धृत करणारे दहा निबंध उघडून ते वाक्य वाचायचे. ‘या विषयावर पाहा [12–47]’ अशा छत्तीस जणांच्या गठ्ठ्यात नाव आले असेल तर ती हजेरी झाली. ‘[12] मधले समीकरण 3.7 वापरून’ असे असेल तर ते ऋण झाले. दहापैकी ऋणे किती, हा एक आकडा एच-इंडेक्सपेक्षा जास्त बोलतो. तुलना करायचीच तर त्याच उपशाखेतल्या आणि पीएच.डी.च्या त्याच वर्षाच्या आसपासच्या लोकांशी करायची. लॅटिस गणिते करणाऱ्याला महासंगणकावरच्या वेळेसाठी वर्षभर थांबावे लागते. न्यूट्रिनोच्या वस्तुमानांची नमुनेबांधणी करणारा त्या काळात चार निबंध लिहितो.

यातला कोणताही भाग यंत्राकडे सोपवता येत नाही, आणि विषयाबाहेरच्या सदस्याला तो जमतही नाही. अडचण खरी इथे आहे. राज्य विद्यापीठांच्या समित्यांत भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ म्हणून बहुधा घनअवस्था किंवा पदार्थविज्ञानातली व्यक्ती असते, कारण विभागांत त्यांचीच संख्या मोठी. तिला क्वांटम क्षेत्रसिद्धान्ताचा निबंध वाचायला सांगणे तिच्यावरही अन्याय. मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर आणि आयुका एवढे मनुष्यबळ शेजारी असताना दोन बाह्य वाचकांचे पाच-पाच पानांचे लेखी अहवाल मागवायला विद्यापीठाला मानधनापलीकडे खर्च नाही. तेवढ्यासाठी अर्जाच्या नमुन्यात एकच बदल पुरे : सायटेशन, एच आणि आय-टेनच्या तीन रकान्यांच्या जागी उमेदवाराने निवडलेले तीन निबंध, प्रत्येकात त्याचा स्वतःचा वाटा काय हे दोनशे शब्दांत, आणि सहलेखकांनी त्या मजकुरावर केलेली सही.